पॅरामाटा, गाबा, वॉगा वॉगा: ॲबोरिजिनल गावनावांचे अर्थ कसे शोधायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिडनीत पॅरामाटाला राहणाऱ्या एका मराठी आईने विचारलंय: मुलाला शाळेतून 'आपल्या उपनगराच्या नावाचा अर्थ' हा प्रकल्प मिळालाय. इंटरनेटवर तीन अर्थ सापडले. 'ईल मासे पहुडतात ती जागा', 'भरपूर ईल' आणि 'नदीचं मूळ'. यातला खरा कोणता? आणि ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या भाषांतल्या, गावनावांचे अर्थ देणारं एखादं भरवशाचं पुस्तक आहे का?

ताई, घाई असेल तर पहिला अर्थ लिहा, चालेल. वेळ असेल तर पुढचं वाचा. मी इथे पंचवीस वर्षं नकाशांच्या कामात आहे. त्यातला बराच काळ रस्ते, बागा आणि पूल यांच्या नावांचे प्रस्ताव तपासण्यात गेला. 'ॲबोरिजिनल भाषेत याचा अर्थ अमुक' असं वाक्य दिसलं की माझ्या हातातली पेन्सिल आपोआप थांबते. 'ॲबोरिजिनल भाषा' नावाची भाषाच नाही. १७८८ साली इंग्रज वसाहतवाल्यांची पहिली जहाजं लागली तेव्हा या खंडात अडीचशेहून जास्त वेगवेगळ्या भाषा होत्या, आणि प्रत्येकीच्या बोली वेगळ्या. 'भारतीय भाषेत पाण्याला अमुक म्हणतात' असं कुणी लिहिलं तर आपण हसू. इथे मात्र तसं छापलेल्या पुस्तिका वर्षानुवर्षं विकल्या गेल्या.

हे मला कळलं ते चुकून. नोकरीच्या सुरुवातीला एका बागेसाठी माहितीचा फलक लिहायचा होता. अशाच एका जुन्या यादीतून मी अर्थ उचलला आणि फलक छापून उभाही राहिला. उद्घाटनाला तिथल्या समाजाच्या एक वयस्कर बाई आल्या होत्या. इथे अशा ज्येष्ठांना 'आंटी' आणि 'अंकल' म्हणतात, अगदी आपल्या मावशी-काकांसारखं, नातं नसलं तरी. आंटींनी फलक सावकाश वाचला आणि एवढंच विचारलं, "कुणाच्या भाषेत?" मला सांगता येईना. तो शब्द तिथून हजारभर किलोमीटर लांबच्या भाषेतला निघाला. फलक उतरवला, पैसे गेले, आणि तेव्हापासून तो प्रश्न मी प्रत्येक प्रस्तावावर सगळ्यात आधी लिहितो.

आता तुमचं पॅरामाटा. भाषा धारुग. नदीच्या या टोकाला राहणाऱ्या कुळाचं नाव बुर्रामाटागल. यातला '-गल' म्हणजे लोक, कूळ. सिडनीच्या आसपास कॅडिगल, वांगल, कॅमेरेगल अशी कितीतरी कुळं होती, आणि कॅमेरे हे उपनगर त्यातल्याच एकाच्या नावावरून आलं. १७८८ च्या नोव्हेंबरात इंग्रज गव्हर्नर फिलिपने इथे शेतीसाठी वसाहत टाकली, ती 'रोझ हिल' म्हणून. ४ जून १७९१ ला त्यानेच ते नाव बदलून स्थानिक लोक म्हणायचे ते घेतलं. म्हणजे नाव कुणाचं आणि कुणी कधी लिहून घेतलं, हे दोन्ही इथे पक्कं माहीत आहे. बहुतेक नावांच्या नशिबी एवढंही नसतं.

'बुर्रा' म्हणजे ईल, आपल्या वाम माशाच्या जातीतला. याबद्दल फारसा वाद नाही. अडचण आहे 'माटा'ची. पॅरामाटाचा अर्थ सांगताना लोक तिचा अर्थ 'पहुडणं' किंवा 'जागा' असा करतात. आता लोकलने जेमतेम अर्ध्या तासावरचं कॅब्रामाटा घ्या. तिथल्या कुळाचं नाव कॅब्रोगल. 'काब्रा' हा पाण्यात बुडालेल्या लाकडात सापडणारा, अळीसारखा दिसणारा खाद्य जीव. पण कॅब्रामाटाच्या अर्थात 'माटा' अचानक 'पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक' होते! शेजारीशेजारी दोन नावं, शेपूट तीच, आणि अर्थ दोन. यावरून मी एवढंच म्हणतो की 'ईल' ठाम लिहा, 'पहुडतात' जरा हलक्या हाताने लिहा. 'नदीचं मूळ' हा तिसरा अर्थ मला वसाहतवाल्यांच्या डोळ्यातला वाटतो. होड्या इथपर्यंतच येत असत, पुढे पाणी उथळ. त्यांना जागेचं जे महत्त्व दिसलं ते त्यांनी नावाला चिकटवलं असावं. त्यात ईल कुठेच नाही, आणि कुळाच्या नावाशीही त्याचा मेळ बसत नाही.

मग 'बुर्रामाटा'चं 'पॅरामाटा' कसं झालं? हे मराठी माणसाला इंग्रजापेक्षा लवकर कळतं. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक भाषांत प आणि ब, त आणि द, क आणि ग हे वेगळे वर्ण मानत नाहीत. बोलणारा मधलाच काहीतरी आवाज काढतो, ऐकणारा आपल्या कानाप्रमाणे प किंवा ब लिहितो. त्यामुळे जुन्या कागदांत एकाच जागेची पाच स्पेलिंगं दिसली तर ती पाच नावं समजू नका. उलट बाजूने, या भाषांत दातांवरचा त आणि जीभ मागे वळवून काढलेला ट हा आपल्यासारखाच फरक असतो, ण आणि ळ च्या जवळचे आवाजही असतात. इंग्रजी कानाला ते सगळं एकच. ज्यांनी आपल्या वांद्र्याचं बॅन्ड्रा आणि ठाण्याचं टॅना केलं, त्यांच्याच हातात इथली वही-पेन्सिल होती. आणखी एक: शब्दाच्या सुरुवातीला ङ येतो. आपल्याकडे तो 'वाङ्मया'त अडकून पडलाय, इथे शब्द त्यापासून सुरू होतात. इंग्रजांना तो सुरुवातीला उच्चारता येईना, म्हणून त्याच्या जागी कधी 'न' लिहिला, कधी 'ग', कधी तो सरळ गाळला. आणि स, श, फ हे आवाज यातल्या बहुतेक भाषांत नसतातच. एखाद्या 'प्राचीन ॲबोरिजिनल नावा'त ठसठशीत स ऐकू आला तर आधी शंका घ्या. अपवाद आहेत, पण ही चाळणी मला कितीदा उपयोगी पडली आहे.

लिहिणारा कोण होता याला फार महत्त्व आहे. सिडनीच्या भाषेबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं सर्वात मोलाचं विल्यम डॉज नावाच्या तरुण नौसैनिक अधिकाऱ्याच्या वह्यांत आहे. तो खगोलनिरीक्षक होता. १७९०-९१ मध्ये पटयेगारांग नावाच्या एका स्थानिक मुलीकडून तो भाषा शिकला. त्याने शब्दांबरोबर आख्खी वाक्यं लिहिली, कोण कुणाला कधी म्हणालं तेही. त्या वह्या लंडनच्या एका विद्यापीठात पडून होत्या, १९७० च्या दशकात त्यांच्याकडे पुन्हा लक्ष गेलं. पण त्या लिहिण्याच्या आधीच, एप्रिल १७८९ मध्ये, देवीच्या साथीने सिडनीच्या आसपासची माणसं पटापटा मेली होती. फिलिपच्या अंदाजाने निम्मी. अर्थ विचारायला नंतर जे गेले त्यांना सांगणाराच उरला नव्हता, हे अनेक नावांच्या बाबतीत खरं कारण आहे.

चुकीचं विचारलं की चुकीचंच मिळतं, याचं उदाहरण मेलबर्नची यारा नदी. १८३५ मध्ये सर्वेअर जॉन वेज स्थानिक वाटाड्यांबरोबर नदीवर आला. खडकांवरून उसळणारं पाणी पाहून वाटाडे 'यारो-यारो' असं काही म्हणाले. वेजने ते नदीचं नाव म्हणून लिहून टाकलं. ते पाण्याच्या वाहण्या-उसळण्याबद्दल बोलत होते. नदीचं नाव बिर्रारुंग, धुक्याची नदी. उद्या एखादा परदेशी पाहुणा गावच्या घाटावर उभा राहून 'हे काय' म्हणाला, आणि आजोबांनी 'खळखळतंय' असं सांगितलं, तर नकाशात 'खळखळ नदी' छापून यायची. २०१७ मध्ये व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाने या नदीच्या रक्षणासाठी कायदा केला तेव्हा त्याच्या शीर्षकातच तिथल्या वोई-वुर्रुंग भाषेतले शब्द घातले, 'विलिप-गिन बिर्रारुंग मुर्रोन', म्हणजे बिर्रारुंगला जिवंत ठेवा. रोजच्या बोलण्यात मात्र नदी अजून याराच.

अशा गोष्टींची लोकांना इतकी गोडी लागते की मग नसलेल्या गैरसमजांचेही किस्से तयार होतात. 'कांगारू म्हणजे मला माहीत नाही' हा त्यातला सर्वात प्रसिद्ध, आणि साफ खोटा. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकचं जहाज १७७० मध्ये क्वीन्सलँडमधल्या आजच्या कुकटाउनजवळ दुरुस्तीला थांबलं होतं, तिथली भाषा गुगू यिमिथिर. 'गंगुर्रू' हा तिथे कांगारूच्या एका मोठ्या जातीचा शब्द आहे. १९७० च्या दशकात जॉन हॅविलंड या भाषाशास्त्रज्ञाने तिथे राहून तो नोंदवला. गंमत पुढे आहे. १७८८ मध्ये सिडनीला आलेले इंग्रज हा शब्द इथल्याही लोकांना कळेल असं धरून वापरू लागले. सिडनीकरांचा शब्द होता 'पटगारांग'. त्यांना वाटलं 'कांगारू' हा इंग्रजी शब्द असेल, म्हणून ते गायीगुरांकडे बोट दाखवून हेच का ते कांगारू, असं विचारायचे.

शब्द असे एका मुलखातून दुसऱ्यात नेऊन पेरले गेले, तसेच गावनावांतही झालं. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं वुमेरा हे रॉकेट-चाचणीचं गाव १९४७ मध्ये वसवलं. 'वुमेरा' म्हणजे भाला फेकायची दांडी, नाव शोभतंही. पण शब्द सिडनीचा आणि जमीन कोकाथा लोकांची. क्वीन्सलँडमधलं मारुचीडोर त्याहून मजेशीर. अँड्र्यू पेट्री हा वसाहतवाला १८४२ मध्ये ब्रिस्बेनकडची ॲबोरिजिनल माणसं घेऊन त्या नदीवर पोहोचला. तिथे काळे राजहंस दिसले. सोबतची माणसं आपल्या भाषेत 'मुरुकुची' म्हणाली, लाल चोचीचा. तिथल्या लोकांचा शब्द होता 'कुलुइन'. नदीला नाव पडलं पाहुण्यांच्या भाषेतलं. पुण्याहून कारवारला गेलेल्या वाटाड्याने तिथल्या पक्ष्याचं मराठी नाव सांगावं आणि तेच गावाला चिकटावं, तसं.

तुमच्या जवळचं गिरावीन घ्या. तिथल्या निवडक प्रवेशाच्या शाळेमुळे ते नाव इथल्या प्रत्येक भारतीय आईबापाला पाठ असतं. अर्थ सगळीकडे एकच दिलेला, 'फुलांची जागा'. पण गिरावीन नावाचं राष्ट्रीय उद्यान क्वीन्सलँडमध्ये आहे, आणि डार्विनजवळ एक गिरावीन वस्तीही आहे. तीन ठिकाणं, एकमेकांपासून शेकडो-हजारो किलोमीटर, तीन वेगळे भाषाप्रदेश. असं दिसलं की मी समजतो, यातलं निदान एखादं तरी छापील यादीतून उचललेलं असणार. ऐकायला गोड, अर्थ गोंडस, म्हणून घराला, बंगल्याला, पोस्टाला दिलेलं नाव. त्याने नाव वाईट ठरत नाही. त्या मातीतलं मात्र ठरत नाही.

आता वॉगा वॉगा, कारण तिथे एका आख्ख्या शहराने अर्थ बदलला. न्यू साउथ वेल्सच्या दक्षिणेकडचं हे गाव विराजुरी लोकांच्या मुलखात आहे. पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं, 'पुष्कळ कावळे असलेली जागा'. गावभर कावळ्याचं चित्र. विराजुरीत कावळ्याला 'वागान' म्हणतात खरं, पण मग नावातला 'न' कुठे गेला? स्टॅन ग्रँट सीनियर या विराजुरी ज्येष्ठांनी भाषाशास्त्रज्ञ जॉन रडर यांच्यासोबत भाषेचा कोश केला. त्यांचं म्हणणं, 'वागा' म्हणजे नाच. दोनदा म्हटलं की पुष्कळ. आपण 'जागोजागी', 'गावोगाव' म्हणतो तसंच हे द्वित्व. २०१९ मध्ये शहराच्या नगरपालिकेने 'पुष्कळ नाचांची आणि उत्सवांची जागा' हा अर्थ अधिकृत केला. सगळ्यांना पटलाय असं नाही. गावातल्या जुन्या दुकानांवरचे कावळे अजून आहेत. मला स्वतःला तो हरवलेला 'न' पुरेसा पुरावा वाटतो.

क्रिकेटवाल्यांसाठी एक सांगून टाकतो. १९ जानेवारी २०२१ ला अजिंक्य रहाणेच्या संघाने ज्या गाबावर ऑस्ट्रेलियाला हरवलं, ते 'गाबा' म्हणजे ब्रिस्बेनच्या वुलुंगाबा या उपनगराची शेपटी. अर्थ दोन सांगतात: 'भोवरे घेणारं पाणी' किंवा 'भांडणाच्या बोलण्याची जागा'. शब्द कुठे तोडायचा यावर सगळं अवलंबून, 'नाकाने कांदे सोलणे'मधला 'नाकाने' जसा 'ना काने' असा तोडला तर काहीच हाती लागत नाही तसं. त्या दिवशी दुसरा अर्थ आम्हाला फार आवडला होता.

शेपट्या ओळखता आल्या तर पश्चिम ऑस्ट्रेलियाचा नैऋत्य कोपरा सर्वात सोपा. नूंगार भाषेत '-अप' म्हणजे जागा, आपल्या -वाडी, -पूर, -गाव सारखं. जूंडलप, मांजिमप, नानप, बालिंगप असा प्रवासभर अपच अप. कोजोनप म्हणजे 'कोज'ची, दगडी कुऱ्हाडीची जागा. काउअरामपमधला 'काउअरा' हा जांभळ्या डोक्याचा एक छोटा पोपट. पण इंग्रजीत ते नाव गायीसारखं ऐकू येतं, म्हणून गावकऱ्यांनी रस्त्याकडेला फायबरग्लासच्या चाळीसेक गायी उभ्या केल्यात! पर्यटक गायींबरोबर फोटो काढतात आणि पोपट झाडावर बसून राहतो.

आणि शेवटी ती नावं, ज्यांना अर्थ विचारणंच चुकतं. उलुरूचा अर्थ काय, असा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. पिट्जांट्जाट्जारा भाषेत ते मध्य ऑस्ट्रेलियातल्या एका प्रचंड खडकाचं विशेषनाम आहे, बस. 'सह्याद्री'ची फोड करून दाखवणारे पुष्कळ भेटतात, पण डोंगराखाली राहणाऱ्याला ती कधी लागत नाही. (उच्चार मात्र नीट करा: जोर पहिल्या उ वर, आणि र जीभ मागे वळवून.) १८७३ मध्ये गॉस नावाच्या सर्वेअरने त्याला 'एअर्स रॉक' नाव दिलं, दक्षिण ऑस्ट्रेलियाचा मुख्य सचिव हेन्री एअर्स याच्यावरून. १९९३ मध्ये जोडनाव झालं, 'एअर्स रॉक / उलुरू', आणि २००२ मध्ये क्रम उलटवून 'उलुरू / एअर्स रॉक'. शेजारच्या काटा चुटाचा अर्थ मात्र स्वच्छ: काटा म्हणजे डोकं, चुटा म्हणजे पुष्कळ. गोल माथ्यांचे ते छत्तीस डोंगर पाहिले की शंका उरत नाही.

त्याच भाषेतलं एक नाव माझं फार लाडकं आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका टेकडीचं, देशातलं सर्वात लांब स्थळनाव: मामुङ्कुकुम्पुराङ्कुन्चुन्या. 'मामु' म्हणजे भूत. '-ङ्कु' हा आपला '-ने': भुताने. 'कुम्पु' म्हणजे लघवी. शेवटचं '-न्या' हे विशेषनाम असल्याची खूण. भूत जिथे मुततं ती टेकडी. आपल्याकडेही माळांना आणि ओढ्यांना अशी नावं असतात, तलाठी ती दप्तरात लिहीत नाही एवढंच. हे नाव मी मुद्दाम सांगतोय, कारण इथली नावं एकेकटी नसतात. पूर्वज कुठून आला, कुठे थांबला, कुठे भांडला, काय करून गेला, याची ती ओळीने लागलेली ठिकाणं असतात. त्यातलं एक उचलून 'अर्थ' विचारला की वारीच्या वाटेवरचा एकच मुक्काम हाती येतो. काही कथा बाहेरच्यांना सांगायच्या नसतात, काही फक्त बायकांच्या किंवा फक्त पुरुषांच्या. मग ज्येष्ठ सरळ म्हणतात, नाव वापरा, अर्थ विचारू नका. अशा नावांपुढे मी नोंदीत रकाना कोरा ठेवतो. साहेब विचारतात, मी सांगतो.

सरकारी नावबदल सध्या जोरात आहेत. टास्मानियात 'कुनान्यी / माउंट वेलिंग्टन' २०१३ पासून, क्वीन्सलँडचं फ्रेझर बेट २०२३ पासून अधिकृतपणे 'क'गारी', उच्चार साधारण 'गरी'. पण फाईल अधिकृत झाली म्हणून अर्थ तपासला गेला असं समजू नका. सरकारी नोंदीतले बरेच जुने अर्थ त्याच जुन्या पुस्तिकांतून उतरवलेले आहेत. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं: सगळ्या देशाचे अर्थ एका जिल्दीत देणारं पुस्तक दिसलं आणि त्यात शब्दापुढे भाषेचं नाव नसेल, तर ते चहाच्या टेबलावर ठेवा. एकाच भाषेचा कोश, तोही त्या भाषेच्या लोकांनी केलेला, मिळाला तर तो घ्या.

मुलाच्या प्रकल्पात असं लिहा: 'पॅरामाटा हे नाव धारुग भाषेतल्या बुर्रामाटा या नावावरून आलं. इथे बुर्रामाटागल लोक राहत. बुर्रा म्हणजे ईल. १७९१ मध्ये गव्हर्नर फिलिपने ते अधिकृत केलं. माटाचा अर्थ जागा किंवा पहुडणं असा सांगतात.' पाच वाक्यं, आणि कुठलंही उद्या मागे घ्यावं लागणार नाही. मग संध्याकाळी त्याला फेरीच्या धक्क्याजवळच्या बंधाऱ्यावर न्या. तिथे वरचं गोडं पाणी संपतं आणि खाली भरतीचं खारं सुरू होतं. वयात आलेले ईल इथूनच खाली उतरतात आणि प्रशांत महासागरात दूरवर जाऊन विणतात, त्यांची काचेसारखी पारदर्शक पिल्लं पुन्हा किनाऱ्याला लागून नदीत चढतात. माशांना वर चढता यावं म्हणून बंधाऱ्याला पायऱ्यांसारखी वाट ठेवली आहे. टॉर्च न्या, आणि चप्पल घसरणारी नको.